फुकटच्या दोन रात्री आणि स्वतःच्या पैशांच्या दोन रात्री

'अभिनंदन, आपल्या कुटुंबाची निवड झाली आहे,' असे सांगणारा फोन ठाण्यात आणि नवी मुंबईत राहणाऱ्या पुष्कळ घरांत एकदा तरी येऊन गेलेला असतो. मॉलच्या दारात किंवा पेट्रोलपंपावर भरून दिलेल्या सोडतीच्या चिठ्ठीवरून आपला क्रमांक त्यांच्याकडे जातो. येत्या शनिवारी पतिपत्नींनी जोडीने येऊन दीड तास सुट्टीच्या सदस्यत्वाची माहिती ऐकली, तर तीन दिवस आणि दोन रात्रींचा मुक्काम मोफत, असे निमंत्रण मग हाती पडते. हे सदस्यत्व म्हणजे टाइमशेअर, म्हणजे एकदा मोठी रक्कम आणि मग देखभालीचे वार्षिक शुल्क भरून बरीच वर्षे दरवर्षी ठरावीक रात्री, बहुधा सात, कंपनीच्या निवासांत राहण्याचा हक्क. ज्यांच्याकडे आत्ता असे निमंत्रण आले आहे आणि जावे की न जावे हे ठरत नाही, त्यांच्यासाठी माहितीच्या त्या सादरीकरणाला बसून मोफत मुक्कामाचे कूपन घेणे आणि निमंत्रण नाकारून तेवढाच मुक्काम पदरच्या पैशांनी ठरवणे, या दोन गोष्टी मी शेजारी शेजारी ठेवून पाहणार आहे. दोन्हींचा अनुभव आम्ही एकाच वर्षात घेतला.

आम्ही ठाण्यात वर्तकनगरला राहतो. मी ठाणे-बेलापूर रस्त्यावरील एका कारखान्यात हिशेब पाहतो, पत्नी कळव्याच्या एका शाळेत शिक्षिका आहे आणि मुलगी सातवीत आहे. एवढा घरगुती तपशील देण्याचे कारण असे की, माझ्या मते या प्रश्नाचे उत्तर कंपनी कोणती यापेक्षा घरात शाळा आहे की नाही यावर अधिक अवलंबून असते.

आधी सादरीकरणाची बाजू सांगतो. ते वाशीच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये होते. आम्हाला पाच वाजता बोलावले होते आणि आम्ही बाहेर पडलो तेव्हा नऊला वीस मिनिटे कमी होती. दीड तासाचे पावणेचार तास झाले, याचा मला तेव्हा जितका राग आला तितका आता येत नाही, परंतु मोफत मुक्कामाच्या किमतीत ही शनिवारची संध्याकाळ आणि ठाणे-वाशी जाणे-येणे धरायला हवे. मुलीला कोपऱ्यातील छोट्या टेबलावर रंगवायला चित्रे दिली होती, ती सगळी तिने साडेसहालाच संपवली. कोणी सही केली की माइकवरून त्या कुटुंबाचे नाव पुकारले जाई आणि सगळा हॉल टाळ्या वाजवी. तिसऱ्या-चौथ्या टाळीनंतर आपणच काही घेत नाही आहोत असे वाटून मन अवघडते, हे मी स्वतः अनुभवले आहे.

आमच्या टेबलावर आलेला मुलगा पंचविशीतला आणि फार सभ्य होता, त्याच्याविषयी माझी काहीही तक्रार नाही. त्याने एका कोऱ्या कागदावर आकडे लिहिले, तेही आम्हाला सरळ आणि त्याला उलटे दिसतील अशा रीतीने, आणि एवढ्या सफाईने की पत्नीने कौतुकाने त्याच्या हाताकडे पाहिले. त्याचा हिशेब असा होता. करासहित पावणेचार लाख रुपयांत पंचवीस वर्षे, वर्षाला सात रात्री, म्हणजे एकूण १७५ रात्री, म्हणजे एका रात्रीला २,१४३ रुपये. शेजारी त्याने आजचे खोलीभाडे लिहिले, त्यावर दरवर्षीची भाडेवाढ लावली आणि पंचविसाव्या वर्षीचा आकडा लिहून त्याला गोल केला. भाडी वाढतात हे त्याचे म्हणणे खरे आहे आणि त्याचा तो मुद्दा मी कमी लेखत नाही.

मात्र रोज हिशेब पाहण्याची सवय असल्यामुळे त्या कागदावर दोन ओळी नाहीत हे मला दिसत होते. पावणेचार लाख बँकेत मुदत ठेवीत ठेवले आणि सात टक्के व्याज धरले, तर वर्षाला २६,२५० रुपये येतात आणि मुद्दल तसेच राहते. ते व्याज आपण सोडतो, म्हणजे तोही खर्चच. शिवाय वार्षिक शुल्क आम्हाला १८,००० रुपये सांगितले होते, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ते २१,२४० होते. दोन्ही मिळून ४७,४९० आणि त्याला सातने भागले की रात्रीला साधारण ६,७८४ रुपये. व्याजावर प्राप्तिकर बसतो, त्यामुळे हा आकडा थोडा खाली येईल. वार्षिक शुल्क वाढत जाते, त्यामुळे तो थोडा वरही जाईल. जेवण दोन्ही हिशेबांत नाही. सात रात्रींपैकी एखाद्या वर्षी चारच वापरल्या गेल्या, तर काय होते ते वाचकांनी स्वतः भागून पाहावे. पदरच्या पैशांनी राहताना रात्रीला साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्केच जीएसटी आहे, हाही फरक या हिशेबात धरला पाहिजे.

सव्वासातच्या सुमारास त्याचे वरिष्ठ येऊन बसले. मूळ साडेचार लाखांचे सदस्यत्व पावणेचार लाखांत देण्याची परवानगी त्यांनीच आणली होती, पण ती त्या संध्याकाळपुरतीच होती. मी तो आकड्यांचा कागद घरी नेऊन दोन दिवसांनी कळवतो असे म्हटले, तेव्हा कागद बाहेर देता येत नाही असे उत्तर आले. तोवर फारसे न बोललेल्या पत्नीने मला हळूच सांगितले, "अहो, आपल्याला मे महिन्यात मिळेल का, एवढंच विचारा." मी विचारले. "मॅडम, लवकर बुकिंग केलं की नक्की मिळतं," असे तो मुलगा म्हणाला. किती लवकर, आणि लवकर करूनही न मिळाल्यास काय, या प्रश्नावर संभाषण पुन्हा भाडेवाढीकडे वळले. आम्ही नमस्कार करून उठलो आणि बाहेरच्या दुसऱ्या टेबलावर आम्हाला कूपन मिळाले. ते न मागता मिळाले, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.

माझा निर्णय ज्या एका गोष्टीने केला ती त्या कूपनाच्या मागच्या बाजूला होती. कूपनाची मुदत सहा महिने होती. निघण्याच्या किमान पंचेचाळीस दिवस आधी पसंतीच्या तीन तारखा कळवायच्या होत्या, त्यांत शुक्रवार, शनिवार आणि सणांचे दिवस चालणार नव्हते. तिन्हींपैकी कोणती मिळाली, किंवा मिळाली की नाही, हे प्रवासाच्या पंधरा दिवस आधी कळणार होते. प्रत्येक रात्रीचे सेवाशुल्क आगाऊ भरायचे होते, पण पैशांविषयी माझे फारसे काही म्हणणे नाही. दोन रात्रींचे ३,६०० रुपये हे कोणत्याही खोलीच्या मानाने कमीच आहेत.

अडचण तारखांची होती. कूपन ऑगस्टच्या सुरुवातीला मिळाले. शाळा असलेल्या घराला त्यापुढच्या सहा महिन्यांत गणपती, दिवाळी आणि नाताळ एवढ्याच सुट्ट्या असतात. गणपतीत आपण घर सोडत नाही. म्हणून आम्ही भाऊबीजेनंतरच्या आठवड्यातील तीन तारखा कळवल्या, आठवड्याच्या मधल्या वारांच्या. आता या गोष्टीला रेल्वेची जोड द्या. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते, आणि दिवाळीच्या सुट्टीतील कोकणच्या गाडीत जागा हवी असेल तर त्याच सकाळी बसून काढावी लागते. कूपनाची तारीख पंधरा दिवस आधी कळणार, म्हणजे तिकीट काढायचे तेव्हा तारीख माहीत नाही आणि तारीख कळेल तेव्हा तिकीट नाही. स्वतःची गाडी असणाऱ्यांना हा प्रश्न येणार नाही, पण आमच्याकडे गाडी नाही.

पहिल्या तिन्ही तारखांना नकार आला. 'उपलब्धतेअभावी शक्य नाही, कृपया नवीन तीन पर्याय कळवावेत,' एवढाच मजकूर होता. आम्ही त्याच सुट्टीतील उरलेले दिवस मागितले, तर पंचेचाळीस दिवसांची अट आता पूर्ण होत नाही असे कळवले गेले. नाताळच्या आठवड्याला गर्दीचा हंगाम म्हणून नकार मिळाला. स्वयंपाकघराच्या दारामागे लावलेल्या दिनदर्शिकेवर पत्नी पेन्सिलीने तारखांना गोल करत होती आणि नकार आला की खोडत होती. ऑक्टोबरच्या पानावरील दोन चौकटी इतक्या खोडल्या गेल्या की कागद पातळ होऊन मागच्या पाककृतीची अक्षरे त्यांतून दिसू लागली. ते पान फाडायची वेळ आली तेव्हा मला जे वाटले ते पैशांचे दुःख नव्हते. आपल्या घराच्या मोजक्या सुट्ट्या दुसऱ्या कोणाच्या होकारावर टांगलेल्या आहेत, ही जाणीव मला सहन झाली नाही.

शेवटी कूपन आम्ही वापरले. जानेवारीत पत्नीने दोन नैमित्तिक रजा टाकल्या, मी एक रजा घेतली, मुलीची एक घटक चाचणी बुडाली आणि सोमवार ते बुधवार आम्ही लोणावळ्याच्या बाजूला राहून आलो. आम्ही मागितलेले ठिकाण ते नव्हते. खोली स्वच्छ होती, बाग सुंदर होती, मुलीला पोहण्याचा तलाव मिळाला आणि कर्मचारी अगत्याने वागले. जेवणासह एकूण खर्च सुमारे आठ हजार रुपये झाला. तेवढ्या पैशांत तशी खोली मला स्वतःहून मिळाली नसती, हे मान्य करतो. मुक्कामाचा दर्जा एवढाच निकष असता, तर मी कूपनाच्या बाजूने लिहिले असते.

दुसरी बाजू त्यानंतरच्या मे महिन्यातील आहे. गणपतीपुळ्याजवळ मालगुंडला एका घरगुती निवासाचा क्रमांक माझ्या कार्यालयातील सहकाऱ्याने दिला. मार्चच्या पहिल्या आठवड्यात मी फोन केला, तेव्हा पलीकडून काकूंनी पहिला प्रश्न विचारला, "कधी येताय?" मी शाळेचे वेळापत्रक पाहून तारीख सांगितली, त्यांनी वहीत पाहून होकार दिला, मी हजार रुपये आगाऊ पाठवले. दुसऱ्या दिवशी मांडवी एक्स्प्रेसचे आरक्षण कधी उघडते ते मोजून मोबाइलवर गजर लावला. सगळ्या व्यवहाराला दहा मिनिटेही लागली नसतील.

या बाजूच्याही उणिवा आहेत आणि त्या लपवणे योग्य होणार नाही. आंघोळीचे पाणी बंबावर तापत होते आणि सकाळी आपली पाळी येईपर्यंत थांबावे लागे. दुपारी दोन तास वीज नव्हती. मुलांसाठी वेगळे खेळ नव्हते, त्यामुळे उन्हाच्या वेळी मुलगी कंटाळली. समुद्रापर्यंत पंधरा मिनिटे चालावे लागे. तिघांचा राहण्याजेवणाचा खर्च दोन रात्रींना ९,६०० रुपये आला, म्हणजे मोफत म्हटलेल्या मुक्कामापेक्षा दीड-दोन हजार जास्तच. जागा शोधणे, विश्वासू माणूस मिळणे, छायाचित्रांवर न भुलणे, हे सगळे आपल्यालाच करावे लागते आणि ज्यांना त्याचा मनापासून कंटाळा आहे त्यांना ते ओझे वाटेल. ज्यांना अशी अनोळखी जागा नको वाटते त्यांच्यासाठी महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची निवासस्थाने आहेत. गणपतीपुळे, तारकर्ली, माथेरान, भंडारदरा अशा ठिकाणी ती आहेत आणि तिथेही खोली तारीख निवडूनच घेता येते. पण रात्री अंगणात बसून काकूंनी चिरलेले हापूस खाताना पत्नी म्हणाली की या सुट्टीसाठी आपल्याला कोणाची परवानगी काढावी लागली नाही. माझ्या तुलनेचे माप तेच ठरले.

इथे एक आक्षेप रास्त आहे. भेटीचे कूपन वेगळे आणि सदस्यत्व वेगळे. कूपनांची व्यवस्था पुष्कळदा निराळ्याच कंपनीकडे दिलेली असते आणि पैसे भरलेल्या सदस्याला अधिक चांगली वागणूक मिळते. हे बहुधा खरे असावे. तरीही शितावरून भाताची परीक्षा करण्याची मला सवय आहे. बऱ्याच सदस्यत्वांत वर्षाचे आठवडे रंगांच्या हंगामांत वाटलेले असतात आणि मे महिना व दिवाळी सर्वांत महागड्या रंगात असतात. स्वस्त रंग घेणाऱ्याला त्या सुट्ट्या मिळत नाहीत, आणि महागडा रंग घेणाऱ्यांची गर्दीही त्याच आठवड्यांत होते, कारण शाळा सगळ्यांच्या एकाच वेळी बंद असतात. ही कोणाची लबाडी नसून खोल्या मोजक्या आणि सुट्ट्या एकाच वेळी असल्याचा परिणाम आहे. ही कल्पना १९६० च्या दशकात युरोपात निघाली तेव्हा ती ठरावीक जागेतील ठरावीक आठवड्याची होती, म्हणजे तारीख आपलीच असे. पुढे ठिकाणे बदलून मिळावीत म्हणून १९७४ मध्ये आरसीआयसारखी अदलाबदलीची व्यवस्था उभी राहिली, ठरावीक आठवड्याऐवजी गुण खर्चून किंवा हंगाम निवडून खोली घेण्याच्या योजना आल्या. निवड वाढली, पण माझ्या समजुतीप्रमाणे ठरलेल्या तारखेचा भरवसा त्यात पातळ झाला.

म्हणूनच माझ्या साडूंचा अनुभव माझ्या उलट आहे आणि तोही तितकाच खरा आहे. ते नेरूळला राहतात, पतिपत्नी दोघेही निवृत्त आहेत आणि सदस्यत्व घेऊन त्यांना बारा वर्षे झाली. जुलैच्या पावसात, मंगळवारी निघून शुक्रवारी परत यायचे, असा त्यांचा नेम आहे. त्यांना नकार क्वचित येतो. खोलीला स्वयंपाकाची सोय, पथ्याचे जेवण करता येणे, ओळखीची स्वच्छता, यांचे त्यांना फार मोल वाटते आणि मी त्यांना कधी दुसरा सल्ला दिलेला नाही. त्यांच्यासारख्या, सुट्टी स्वतःच्या हातात असलेल्या घराने सादरीकरणाला अवश्य जावे, फक्त नव्याबरोबर जुने सदस्यत्व हस्तांतराने मिळते का तेही पाहावे. ते बरेचदा मूळ किमतीच्या पुष्कळ खाली मिळते, आणि उद्या आपल्याला विकावे लागले तर काय येईल याचाही अंदाज त्यातूनच येतो.

जे जाणार आहेत त्यांच्यासाठी कायद्याविषयी थोडे. युरोपीय संघात २००८ च्या निर्देशानुसार टाइमशेअरचा करार चौदा दिवसांत कारण न देता रद्द करता येतो आणि त्या काळात आगाऊ पैसेही घेता येत नाहीत. आपल्याकडे टाइमशेअरसाठी असा स्वतंत्र कायदा नाही, त्यामुळे रद्द करण्याची मुदत करारात जी लिहिली असेल तीच खरी. सही करण्यापूर्वी तेवढे कलम बोट ठेवून वाचावे. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये मात्र, जाहीर केलेली भेट तशी देण्याचा हेतू नसताना देऊ करणे, किंवा एकूण व्यवहारात जिची किंमत धरलेली आहे अशी वस्तू मोफत असल्याचा आभास निर्माण करणे, ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे करता येते, कंपनीचे कार्यालय दुसऱ्या शहरात असले तरी चालते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून पाहावी. आमच्या बाबतीत कूपन अखेर वापरले गेल्यामुळे मी तक्रार केली नाही.

आम्ही आता काय करतो ते सांगतो. महिना चार हजार रुपयांची आवर्ती ठेव सुरू केली आहे, म्हणजे वर्षाला ४८,०००. सदस्यत्वाचा वर्षाचा खर्च माझ्या हिशेबाने जेवढा येत होता साधारण तेवढाच. पैसे तितकेच जातात, पण एखाद्या वर्षी आजारपण आले किंवा घराला रंग द्यायचा ठरला, तर ते दुसरीकडे वळवता येतात. जाहिरातीचे फोन १९०९ वर नोंद करून बंद करता येतात. आम्ही तशी नोंद केली आहे, तरी सोडतीच्या जुन्या चिठ्ठीवर सही करून आपणच संमती दिलेली असते, त्यामुळे अधूनमधून एखादा येतोच.

असा फोन आला की पत्नीच बोलते, कारण तिच्याजवळ वेळापत्रक असते. ती आवाज न चढवता विचारते की दिवाळीच्या सुट्टीत भाऊबीजेनंतरचा बुधवार-गुरुवार कूपनावर मिळेल का, आणि मिळणार असेल तर आम्ही येण्यापूर्वी तसे लेखी पाठवाल का. जानेवारीनंतर आमच्याकडे तीन निमंत्रणे आली. तिन्ही वेळा 'मॅडम, ते इथे आल्यावर सांगतो' असेच उत्तर मिळाले, आणि तिन्ही शनिवारी आम्ही घरीच होतो.